लहान कॅबिनेटचा एसएमपीएस: आधी जागा मोजा, मग वॅट

लहान कॉम्प्युटरचे मशीन बांधायचे ठरले की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर आठवडाभर खल होतो, आणि एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, शेवटच्या दिवशी दुकानदाराच्या मर्जीवर सोडला जातो. मोठ्या टॉवरमध्ये ते खपून जाते. दहा ते अठरा लिटर आकारमानाच्या कॅबिनेटमध्ये खपत नाही. तिथे एसएमपीएस तीन सेंटिमीटर लांब निघाला तर ग्राफिक्स कार्ड बसत नाही, वायर ताठ निघाली तर झाकण लागत नाही, आणि पंख्याचे तोंड बंद पत्र्याकडे आले तर मे महिन्यात भर दुपारी मशीन आपोआप बंद पडते. म्हणून इथला क्रम नेहमीपेक्षा उलटा ठेवला आहे. आधी जागा, मग वायर, मग हवा आणि त्यानंतर वॅट. मशीन जोडण्याआधी भिंतीतले सॉकेटही तपासायचे आहे, कारण कोल्हापुरातल्या जुन्या पेठांमधल्या घरांत निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात.

आकार ओळखा

नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० मिमी रुंद, ८६ मिमी उंच आणि साधारण १४० मिमी खोल असतो, म्हणजे जवळजवळ १.८ लिटर. लहान कॅबिनेटसाठी सर्वात उपयोगी आकार एसएफएक्स. तो १२५ मिमी रुंद, ६३.५ मिमी उंच आणि १०० मिमी खोल असतो आणि ०.८ लिटरच्या आतच बसतो. अंदाज हवा असेल तर एक किलोच्या गुळाच्या भेलीपेक्षा किंचित मोठा. त्याचाच लांब भाऊ एसएफएक्स-एल. रुंदी-उंची तीच, खोली १३० मिमी. या जास्तीच्या ३० मिमीमुळे ९२ मिमीच्या जागी १२० मिमीचा पंखा बसतो आणि आवाज कमी होतो. पण तेच ३० मिमी बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाच्या किंवा वायरच्या वाट्याचे असतात.

फ्लेक्स एटीएक्स म्हणजे ८१.५ बाय ४०.५ बाय १५० मिमीची लांबट पट्टी. पाच-सहा लिटरच्या अगदी छोट्या कॅबिनेटला बहुतेकदा दुसरा पर्याय नसतो. मात्र त्यातला ४० मिमीचा पंखा भार वाढला की शिट्टी वाजवल्यासारखा ओरडतो. झोपायच्या खोलीत किंवा आवाज रेकॉर्ड करायच्या जागी तो ठेवू नका. टीएफएक्स ८५ बाय ६५ बाय १७५ मिमीचा असतो आणि बिलिंग काउंटरवरच्या सपाट, आडव्या कॅबिनेटमध्ये सापडतो.

शेवटचा प्रकार पिको. ही थेट मदरबोर्डच्या २४ पिनच्या सॉकेटवर बसणारी छोटी पट्टी आहे, बाहेरून लॅपटॉपसारखा १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लागतो. ही पट्टी फक्त ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करते, १२ व्होल्ट मात्र अ‍ॅडॅप्टरमधून येतील तसे बोर्डाला देते. म्हणून अ‍ॅडॅप्टर स्वस्तातला असेल तर प्रोसेसरलाही स्वस्तातली वीज मिळते. एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा जाळीदार पत्र्याचा १२ व्होल्टचा सप्लाय इथे अजिबात लावू नका. त्याची २३० व्होल्टची टर्मिनले उघडी असतात आणि १२ व्होल्टची प्रतही कॉम्प्युटरला साजेशी नसते. बंद अ‍ॅडॅप्टर घ्या आणि त्यावर बीआयएसची खूण व आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा.

एसएफएक्स बसत असेल तर एसएफएक्सच घ्या, असे आमचे मत आहे. मशीन बदलले, बोर्ड बदलला, कॅबिनेट बदलले तरी तो पुढच्या मशीनमध्ये चालतो. फ्लेक्स आणि टीएफएक्समध्ये निवड कमी, आणि वॉरंटी संपल्यावर तोच आकार पुन्हा शोधताना दमछाक होते.

मोजताना होणारी चूक

कॅबिनेटच्या माहितीत 'एसएफएक्स, एसएफएक्स-एल चालतो' असे लिहिलेले असते आणि लोक निश्चिंत होतात. ते माप लोखंडी डब्याचे असते. मॉड्युलर, म्हणजे सुट्या वायर लावता येणाऱ्या, एसएमपीएसच्या मागच्या बाजूला वायरचे प्लग लागतात आणि त्यानंतर वायर वळायला जागा हवी. प्लग आणि वळण मिळून २५ ते ३० मिमी धरा. म्हणजे १०० मिमीचा एसएफएक्स प्रत्यक्षात १३० मिमी जागा खातो आणि एसएफएक्स-एल १६०. मोजपट्टी घेऊन कॅबिनेटमध्ये तेवढी जागा आहे का ते पाहा, आणि ग्राफिक्स कार्डाची लांबी त्यातूनच वजा होते का तेही पाहा. कूलर मास्टर एनआर २०० सारख्या अठरा लिटरच्या कॅबिनेटमध्ये एसएफएक्स-एल सुखाने मावतो. कार्ड आणि बोर्ड पाठीला पाठ लावून ठेवणाऱ्या अरुंद कॅबिनेटमध्ये मात्र १०० मिमीचाच धरून चाला.

दुसरे माप वायरचे. एसएफएक्सबरोबर येणारी २४ पिनची वायर साधारण ३० सेंमी आणि प्रोसेसरची ८ पिनची वायर ४० सेंमी असते. हीच जोडी मोठ्या कॅबिनेटमध्ये एसएफएक्स बसवायची पत्र्याची पट्टी लावून वापरायला गेलात तर ८ पिनची वायर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. उलट लहान कॅबिनेटमध्ये मोठ्या एटीएक्सच्या ६० सेंमीच्या वायर आल्या तर त्या कोंबायला जागा उरत नाही. म्हणून मॉड्युलरच घ्या, लागतील तेवढ्याच वायर लावा.

कॅबिनेटला एटीएक्सचे भोक असेल तर एसएफएक्स बसवायला पट्टी लागते. बऱ्याच एसएफएक्सबरोबर ती येते. आली नसेल तर शिवाजी उद्यमनगरात १.५ मिमीच्या पत्र्यावर लेझरने कापून घेता येते. एसएमपीएस स्वतः घेऊन जा आणि त्याचीच भोके टिपून द्या, इंटरनेटवरच्या चित्रावरून माप देऊ नका. पावडर कोटिंग करून घेतले असेल तर स्क्रूच्या भोकांभोवतीचा रंग कानशीने खरवडून धातू उघडा करा. एसएमपीएसचा पत्रा कॅबिनेटला भिडला पाहिजे, कारण कॅबिनेटला अर्थिंग तिथूनच मिळते.

वॅटचा हिशेब

प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेले असले तरी तो तेवढ्यावर थांबत नाही. एएमडीचा ६५ वॅटचा रायझन ५ ७६०० सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत ओढतो. इंटेलचा आय ५ १३४०० टर्बोमध्ये १४८ वॅटपर्यंत जातो, आय ७ १४७०० तर २१९ वॅटपर्यंत. हिशेबात हाच वरचा आकडा धरा.

विद्यार्थ्याचे किंवा लग्नाचे अल्बम बनवणाऱ्याचे मशीन घ्या. रायझन ५ ७६०० चे ८८, आरटीएक्स ४०६० चे ११५, बोर्डाचे ३०, रॅमचे ८, दोन एनव्हीएमई एसएसडीचे १५, पंख्यांचे १०. बेरीज २६६ वॅट. याला ४५० वॅटचा चांगला एसएफएक्स भरपूर झाला. एनव्हीडिया त्याच कार्डासाठी ५५० वॅट सुचवते, कारण तुमच्याकडे कुठला प्रोसेसर आणि कुठल्या प्रतीचा एसएमपीएस आहे हे कंपनीला ठाऊक नसते. ५५० किंवा ६५० घेतला तरी बिघडत नाही. भार निम्म्यावर राहतो आणि पंखा शांत राहतो.

उद्यमनगरातल्या कॅड-कॅमच्या ऑफिसात आय ७ १४७०० आणि आरटीएक्स ४०७० सुपर लावले तर २१९ अधिक २२० अधिक इतर ५५, म्हणजे ४९४ वॅट. इथे ६५० चालेल, आम्ही ७५० घ्यायला सांगू. कारण कार्ड सेकंदाच्या बारीकशा तुकड्यात आपल्या आकड्याच्या कितीतरी वर उसळी घेते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात ४५० वॅटच्या वरच्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरती दुप्पट उसळी झेलावी अशी अट आहे. जुन्या मानकात ती नव्हती, म्हणून जुना ६५० आणि नवा ६५० एकाच कार्डाशी वेगळे वागतात.

टॅली आणि जीएसटीच्या कामाच्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड नसते. आय ३ १२१०० चे ८९, बाकी सगळे मिळून ४५, एकूण १३५ च्या आत. १६० वॅटचा पिको आणि १२ व्होल्ट १६ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर यावर हे चालते, पण पुढे कार्ड टाकायची जरा जरी शक्यता असेल तर पिकोच्या वाटेला जाऊ नका.

स्टिकर वाचायला शिका. एकूण वॅटपेक्षा १२ व्होल्टचे अँपिअर महत्त्वाचे. ४५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर ३७ अँपिअर दिसतात, १२ ने गुणले की ४४४ वॅट. म्हणजे जवळजवळ सगळी ताकद प्रोसेसर आणि कार्डाला मिळू शकते. '४५० वॅट' छापलेल्या स्वस्त डब्यावर १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर असतील तर तो तुमच्या कामाला २१६ वॅटचाच आहे.

एसएमपीएसच्या कार्यक्षमतेची प्रत गोल्ड घ्यावी की ब्राँझ, या प्रश्नाचे उत्तर लहान कॅबिनेटमध्ये वीजबिलापेक्षा उष्णतेने ठरते. मशीन ३०० वॅट वापरत असताना ९० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस ३३ वॅट उष्णता बाहेर टाकतो, ८५ टक्क्यांचा ५३ वॅट. दहा लिटरच्या डब्यात हे २० वॅट म्हणजे कार्डाच्या शेजारी कायम तापलेली सोल्डरिंग इस्त्री. गोल्डच घ्या. त्याचबरोबर पूर्ण वॅट किती तापमानाला दिले आहेत तेही पाहा. काही कंपन्या ४० अंशांना देतात, काही ५० अंशांना. एप्रिल-मेमध्ये खोलीच ३५ च्या वर असते आणि कॅबिनेटच्या आत त्याहून दहा अंश जास्त, तेव्हा ४० अंशांवरचा आकडा कागदावरच राहतो.

राजारामपुरीतल्या दुकानात एसएफएक्स शेल्फवर नसला तर मागवून घ्यावा लागतो. बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर दोन्ही लिहून घ्या. चांगल्या एसएफएक्सला ५ ते १० वर्षांची वॉरंटी असते, आणि सातव्या वर्षी कामाला येतो तो नंबरच. खोके आणि सगळ्या वायर जपून ठेवा, कुठल्या एसएमपीएसच्या आहेत ते पिशवीवर लिहून.

आता सॉकेट

तीन पिनचे सॉकेट दिसते म्हणजे अर्थिंग आहे असे नाही. जुन्या वाड्यांत वरचे मोठे भोक कित्येकदा कशालाच जोडलेले नसते. मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवे. फेज-अर्थ ५०, ९० असे काहीतरी दाखवत असेल तर अर्थिंग नावापुरतेच आहे. मीटरची सवय नसेल तर हे काम वायरमनकडून करून घ्या.

अर्थिंग नसेल तर काय होते ते समजून घ्या, कारण 'मशीनला करंट मारतो' ही तक्रार एसएमपीएस खराब असल्याची नसते. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळणारे दोन बारीक कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला आणि एक न्यूट्रलपासून पत्र्याला. पत्रा जमिनीला जोडलेला नसेल तर तो मधोमध लटकतो, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर. प्रवाह अगदी थोडा, म्हणून झिणझिण्या येतात आणि माणूस वाचतो. पण चालू मशीनला टीव्ही किंवा प्रोजेक्टरची एचडीएमआय लावताना तोच प्रवाह पोर्टातून जातो आणि पोर्ट जळतो. त्यावर एसएमपीएस बदलून उपयोग नाही, अर्थिंग करून घ्यावे लागते. तीन पिनच्या प्लगची वरची पिन मोडून दोन पिनच्या सॉकेटमध्ये बसवणे हा तर सरळ धोका आहे.

टेबलावरची चाचणी

कॅबिनेटमध्ये घालण्याआधी एसएमपीएस टेबलावर तपासा, कारण लहान कॅबिनेटमधून तो परत काढणे म्हणजे अर्धे मशीन उघडणे. खोक्यात २४ पिनचा चाचणी प्लग आला असेल तर तो वापरा. नसेल तर २४ पिनच्या सॉकेटातली १६ क्रमांकाची पिन १७ क्रमांकाच्या अर्थशी जोडायची असते. जुन्या रंगीत वायरमध्ये १६ वी हिरवी आणि १७ वी काळी असायची. आता बहुतेक एसएमपीएसच्या सगळ्या वायर काळ्या असतात, म्हणून अंदाजाने तार खुपसू नका. पुस्तिकेतले चित्र समोर ठेवून मोजा, आणि तार लावताना मेन स्विच बंद ठेवा.

चालू केल्यावर एसएमपीएसचा पंखा फिरला नाही म्हणून घाबरू नका. बहुतेक चांगल्या एसएफएक्समध्ये कमी भारावर पंखा थांबलेला असतो. मोलेक्स या चार पिनच्या प्लगवर कॅबिनेटचा एखादा पंखा लावा, तो फिरेल. मग मोलेक्सच्या प्लगवर मीटर लावा. १२ व्होल्टच्या पिनवर ११.४० ते १२.६० आणि ५ व्होल्टच्या पिनवर ४.७५ ते ५.२५ दिसले पाहिजे. रिकाम्या अवस्थेत हे जमले म्हणजे भाराखाली जमेलच असे नाही, पण मुळातच खराब आलेला नग इथे पकडला जातो.

एक सक्त सूचना. एसएमपीएस उघडू नका. फ्लेक्सचा ओरडणारा पंखा बदलायच्या मोहातही नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३८० व्होल्टच्या आसपास वीज असते आणि प्लग काढल्यावरही काही काळ ती तिथेच राहते.

बसवण्याचा क्रम

आधी प्रोसेसरची ८ पिनची वायर. ही बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात लागते आणि कूलर बसल्यावर तिथे बोट जात नाही. म्हणून बोर्ड कॅबिनेटमध्ये उतरवताना ही वायर मागून ओढून तयार ठेवा आणि कूलरआधी लावा. ती चार-चारच्या दोन तुकड्यांत येते, दोन्ही तुकडे घट्ट जुळवून एकदमच दाबा. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनची वायर दिसायला सारखी असली तरी ती सहा-दोन अशी फुटते आणि तिच्यातली जोडणी उलटी असते. जोर लावून बसवावी लागत असेल तर थांबा, चुकीची वायर हातात आहे.

मग एसएमपीएस. मॉड्युलर वायर त्याला बाहेरच लावून घ्या, कारण आत गेल्यावर प्लगपर्यंत हात पोचत नाही. प्रत्येक प्लग 'टक' आवाज येईपर्यंत दाबा आणि हलका ओढून पाहा. पट्टीला एसएमपीएस लावताना पंख्याचे तोंड जाळीच्या बाजूला ठेवा. एसएमपीएसचा पंखा हवा आत ओढतो, म्हणून त्याला बाहेरची थंड हवा मिळावी. बोर्डाकडे तोंड केले तर तो कार्डाची गरम हवा गिळत बसतो. ज्या कॅबिनेटमध्ये त्या बाजूला काच आहे तिथे काच आणि पंखा यांत किमान १५ मिमी तरी हवेत. नसतील तर काचेऐवजी जाळीचे झाकण लावा.

चार स्क्रू सहा-बत्तीस आट्यांचे असतात, एसएमपीएसबरोबर आलेले. एसएसडी आणि काही पंख्यांसाठी येणारे बारीक आट्यांचे एम ३ स्क्रू त्या भोकात सैल फिरतात किंवा आटे खातात. चारही आधी अर्धे बसवा, मग समोरासमोरचे घट्ट करा.

बऱ्याच लहान कॅबिनेटमध्ये एसएमपीएस आतल्या बाजूला असतो आणि मागच्या सॉकेटपासून त्याच्यापर्यंत आखूड एक्स्टेंशन वायर येते. इथे दोन गोष्टी नक्की विसरल्या जातात. एक, त्या वायरचा प्लग पूर्ण आत जात नाही, अर्धवट बसला की तापतो. दुसरी, एसएमपीएसवरचा छोटा स्विच आतच राहतो. झाकण लावण्याआधी तो चालूवर करा, नाहीतर सगळे बंद करून बटण दाबले की मशीन मेलेले दिसते. इथेच अर्थही तपासा. भिंतीतला प्लग काढून मीटर ओहमवर ठेवा आणि प्लगच्या मोठ्या पिनपासून कॅबिनेटच्या उघड्या धातूपर्यंत मोजा. एक ओहमच्या आत आले पाहिजे.

ग्राफिक्स कार्डाला दोन ८ पिन लागत असतील तर दोन वेगळ्या वायर वापरा. एकाच वायरला शेपटीसारखा जोडलेला दुसरा प्लग असतो, पण मोठ्या कार्डाला त्यावर अवलंबून ठेवू नका. कार्डाच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात आणि ८ पिनवर १५० वॅटचे मानक आहे. साटाच्या, म्हणजे एसएसडी-हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, वायरपासून कार्डाच्या ६ पिनला जोडणारे अ‍ॅडॅप्टर स्वस्तात मिळतात. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टची क्षमता ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. त्यातून ७५ ओढले की प्लास्टिक वितळते. ते अ‍ॅडॅप्टर घरातही ठेवू नका.

नव्या कार्डांवर १६ पिनचे कनेक्टर असते, आधीचे १२व्हीएचपीडब्ल्यूआर आणि सुधारलेले १२ व्ही-२×६. ते ६०० वॅटपर्यंत नेते, म्हणून अर्धवट बसले तर काही पिनांवरच सगळा प्रवाह येतो आणि त्या जळतात. फट दिसणार नाही इतके दाबा. प्लगपासून निदान ३५ मिमी वायर सरळ जाऊ द्या, मगच वळवा. अरुंद कॅबिनेटमध्ये झाकणच त्या वायरला दाबत असेल तर झाकण दाबून लावू नका. नव्वद अंशांत वळलेले कनेक्टर असलेली वायर घ्या, तीही एसएमपीएसच्याच कंपनीने दिलेली.

शेवटी वायर बांधा. झिप टाय एसएमपीएसच्या पंख्यापासून दूर ठेवा. बोटाने पंखा फिरवून पाहा, कुठे वायर लागते का. झाकण हाताने सहज बसले पाहिजे. फुगते आहे म्हणजे आत काहीतरी दबते आहे.

वायरची अदलाबदल करू नका

हे वेगळे सांगायलाच हवे, कारण यात एका क्षणात सगळी साठवण जाते. मॉड्युलर वायरचे बोर्डाकडचे टोक सगळ्यांचे सारखे असते, एसएमपीएसकडचे टोक कंपनीगणिक वेगळे. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही वेगळे असू शकते. प्लग सहज बसतो, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि एसएसडी, हार्ड डिस्क कायमच्या जळतात. मित्राकडून वायर आणू नका, जुन्या एसएमपीएसची वायर नव्याला लावू नका, एसएमपीएस बदलला की त्याच्या सगळ्या वायर बदला.

बिघाड कसा ओळखायचा

बटण दाबल्यावर काहीच होत नाही तर आतला स्विच, मग बाहेरची वायर, मग बोर्डावरची समोरच्या बटणाची दोन पिनची तार पाहा. पंखे फिरतात पण चित्र येत नाही तर प्रोसेसरची ८ पिन विसरली आहे किंवा कार्डाची वायर सैल आहे.

गेम किंवा रेंडरिंग सुरू झाले की मशीन अचानक बंद होऊन पुन्हा चालू होते आणि विंडोजच्या नोंदीत कर्नल-पॉवर ४१ दिसते. ही नोंद एवढेच सांगते की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. कारण शोधायचे असेल तर ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा. मग बंद पडणे थांबले तर उसळी झेलण्यात एसएमपीएस कमी पडतोय. थांबले नाही तर झाकण काढून चालवा. उघडे चालते आणि बंद केल्यावर पडते असे असेल तर प्रश्न उष्णतेचा आहे, पंख्याचे तोंड आणि जाळी तपासा.

पंख्याची टकटक म्हणजे बहुतेक वेळा वायर. बारीक किणकिण भाराबरोबर बदलत असेल तर ती कॉइलची, धोका नाही. जळका वास आला तर मात्र मशीन पुन्हा चालू करून पाहू नका.

यूपीएस आणि इन्व्हर्टर

वळवाच्या पावसात दिवे मिणमिणतात तेव्हा एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरवर १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. तेवढ्यात यूपीएसने काम हाती घेतले पाहिजे. घरच्या इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा खटका असतो. नॉर्मलवर बदल होईपर्यंत मशीन पडते, म्हणून यूपीएसवर ठेवा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (मेनमधून वीज एकसारखी ओढणारे सर्किट) असलेला एसएमपीएस गुणगुणतो, तापतो किंवा सरळ बंद होतो. हल्लीचे जवळजवळ सगळे चांगले एसएफएक्स अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे असतात, त्यांना साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो.

यूपीएस घेताना व्हीए नव्हे, वॅट पाहा. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटचा असतो, ११०० व्हीएचा ६६० वॅटचा. वर हिशेब केलेले २६६ वॅटचे मशीन आणि मॉनिटर मिळून ३०० च्या वर जातात, शिवाय एसएमपीएसची गळती. ६०० व्हीएवर ते वीज जाताच पडू शकते, ११०० व्हीए घ्या.

पावसाळा, धूळ आणि पूर

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या वर्कशॉपमध्ये हवेत लोखंडाचा बारीक कीस असतो, तो वीज वाहतो. तिथे मशीन ग्राइंडरच्या खोलीत ठेवू नका आणि एसएमपीएसच्या जाळीवर फिल्टर लावा. इचलकरंजीच्या यंत्रमागाजवळ कापसाची पूड त्याच जाळीवर गादीसारखी बसते, तिथे फिल्टर महिन्यातून दोनदा काढून झाडायला हवा. इतर ठिकाणी तीन महिन्यांतून एकदा पुरते. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते जोरात फिरून बेअरिंग खराब होते.

न वापरलेली स्लॉटची भोके झाकणपट्टीने बंद ठेवा. पालीची पिल्ले आणि मुंग्या उबेला एसएमपीएसमध्ये शिरतात आणि २३० व्होल्टच्या भागावर आडव्या पडतात. पावसाळ्यात मशीन अनेक आठवडे बंद राहणार असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा, आत ओल धरत नाही.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी शहरात बऱ्याच ठिकाणी तळमजल्यांत घुसले. नदीकाठच्या भागात मशीन जमिनीवर ठेवूच नका. पाण्यात बुडालेला एसएमपीएस उन्हात वाळवून पुन्हा लावायचा नाही. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांत आणि बोर्डाखाली गाळ राहतो, महिन्याभराने त्याने आतले भाग गंजतात आणि मग एसएमपीएस स्फोटासारखा आवाज करून जातो. तो टाकून द्या. एसएसडी मात्र काढून जाणकाराला दाखवा, त्यातली माहिती अनेकदा वाचते.

कंपन्यांच्या ऑफिस मशीनबद्दल

डेल, एचपी, लेनोवोची सेकंडहँड छोटी ऑफिस मशीन चांगल्या भावात मिळतात आणि लोक त्यात ग्राफिक्स कार्ड टाकायला बघतात. त्यांचा एसएमपीएस साधारण १८० ते २५५ वॅटचा आणि आकार कंपनीचा स्वतःचा असतो. बोर्डावर २४ पिनऐवजी ६, ८ किंवा १४ पिनचे सॉकेट असते, आणि अनेक मॉडेलमध्ये हार्ड डिस्कची वीज बोर्डातूनच निघते. एसएफएक्स त्यात तसाच लागत नाही. रूपांतर करणाऱ्या वायर मिळतात, पण त्या नेमक्या मॉडेलच्याच हव्यात, कारण ६ पिनच्या दोन कंपन्यांच्या वायरमधली जोडणी वेगळी असते. अशा मशीनला ७५ वॅटच्या आतले, वेगळी वायर न लागणारे आणि कमी उंचीचे कार्डच घाला, आणि मूळ एसएमपीएस तसाच राहू द्या.